सुनेचा रक्तस्राव आणि आमचा शास्त्रार्थ

जिच्या उदरात चराचर विसावते, त्या करवीरनिवासिनी जगदंबेला साष्टांग नमस्कार करून हे चार शब्द लिहावयास घेतो. निमित्त माझ्या सहस्रचंद्रदर्शनाचे. या प्रसंगी मुलांनी एक छोटी पुस्तिका छापावयाचे ठरविले आहे, आणि माझ्या आयुष्यातील एखादा गाजलेला शास्त्रार्थ तीत माझ्याच हातून यावा असा त्यांचा आग्रह आहे. त्यांच्या मनात बहुधा असा प्रसंग असावा, की ज्यात प्रतिपक्ष निरुत्तर झाला आणि मला शाल मिळाली. तसे प्रसंग दोन-तीन आहेत. त्या शालींना कसर लागली. मी जो शास्त्रार्थ सांगणार आहे तो आमच्याच ओसरीवर झाला, दीड तास चालला, त्यात माझाच पक्ष निर्विवाद सिद्ध झाला, आणि तेवढ्या अवधीत आमची धाकटी सून मागच्या खोलीत जवळजवळ हातची गेली होती. हे लिहिण्यापूर्वी तिची अनुमती घेतली. ती म्हणाली, "लिहा मामंजी. पण लाजून अर्धे लिहू नका." म्हणून पूर्ण लिहितो.

ही गोष्ट साठ ते सत्तर या दशकातली. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचे भाड्याचे बिऱ्हाड होते: ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, आणि परसाकडे दार असलेली एक लहान खोली. पाठशाळेतून मी नुकताच निवृत्त झालो होतो. कोणाकडे जन्म झाला, मृत्यू झाला, की सोयर-सुतक किती दिवस, कोणी पाळावयाचे, हे विचारण्यासाठी लोक माझ्याकडे येत. गावात डॉक्टर पुष्कळ होते. परंतु अशौचनिर्णय अचूक सांगणारे आम्ही दोघेच, एक मी आणि दुसरे पलीकडच्या गल्लीतील माझे पंचांगी स्नेही. आमच्या या कीर्तीचा मला थोडा अभिमान होता. थोडा म्हणणे हे विनयाला धरून आहे, सत्याला नाही.

धाकटा मुलगा गडहिंग्लजला हायस्कुलात शिक्षक होता. तेथे बिऱ्हाडाची सोय न झाल्याने सून आमच्याकडे राही, आणि तो शनिवारी संध्याकाळच्या एस.टी.ने येऊन सोमवारी पहाटे परत जाई. सून एकवीस वर्षांची, खेड्यातील शिक्षकाची मुलगी. तिला दिवस गेले आहेत हे मला आमच्या मंडळींनी, म्हणजे माझ्या पत्नीने, सांगितले ते असे: "यंदा डोहाळजेवणाला हिरवी साडी बघून ठेवायला हवी." यापेक्षा स्पष्ट बोलण्याची आमच्या घरी रीत नव्हती. मी लगेच बोटांवर महिने मोजले आणि प्रसूती कोणत्या नक्षत्रावर येईल याचा विचार करू लागलो. मुलीला अन्न पचते का, हे विचारणे मला सुचले नाही. ते माझ्या शास्त्रात बसत नव्हते.

श्रावणातला तो सोमवार. मुलगा पहाटे गेला, आणि सकाळी आमच्या मंडळी ओसरीच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अहो, सून बाहेरची झाली."

मी पोथीतून मान वर केली. "म्हणजे? तिला तर तिसरा महिना ना?"

"तेच म्हणते. दिवस गेलेच नव्हते म्हणायचे, की..."

वाक्य तेथेच राहिले. आमच्या घरी या विषयाची सगळीच वाक्ये अर्धी राहत.

घरातली पद्धत ठाऊक असलेल्यांना सांगणे नको, पण आजच्या मुलींसाठी सांगतो. स्त्रीला विटाळ आला की तीन दिवस तिने परसाकडच्या खोलीत घोंगडीवर बसावयाचे. तिचे ताट-तांब्या वेगळे. ताट दुरून सरकवायचे. तिचे कपडे तिनेच धुवावयाचे, आणि कोणाच्या नजरेस पडणार नाहीत असे वाळवावयाचे. तिला कोणी शिवले तर स्नान. या व्यवस्थेची आम्हाला वाटणारी मोठी सोय अशी, की बाईचे रक्त घरात कोणाला दिसत नसे. तिचा मोठा दोषही नेमका तोच होता. परंतु तो ग्रंथात कोठे नोंदलेला नसल्यामुळे माझ्या लक्षात आला नव्हता.

तर सून रक्ताचे डाग दिसल्याबरोबर सासूला सांगती झाली, आणि आम्ही काय केले? तिला घोंगडी दिली.

मंगळवारी सकाळी पोटात कळा येऊ लागल्या. आमच्या मंडळींनी दूर्वांचा रस काढून वाटी उंबऱ्यावर ठेवली आणि दोन पावले मागे येऊन म्हणाल्या, "घे, आणि पडून राहा." नंतर त्या माजघरात येऊन हळहळत बसल्या. ती हळहळ मंगळागौरीची होती. सुनेचे लग्नानंतरचे ते दुसरे वर्ष. संध्याकाळी सात सवाष्णींना बोलावणे गेलेले. सोळा प्रकारची पत्री परातीत येऊन पडलेली.

"आता बायकांना काय सांगू हो? बाहेरची झाली सांगावे तर दिवस गेल्याचे मीच सगळ्यांना सांगून बसलेय. आणि दुसरे काही सांगायचे तर ते तरी कोणत्या तोंडाने सांगू?"

"आधी निर्णय होऊ दे," मी गंभीरपणे म्हणालो, आणि फळीवरून मोठा ग्रंथ खाली काढला.

अडीच वाजता पंचांगी स्नेही आले. ओसरीवर पाट मांडले. त्यांनी तपकिरीची डबी उघडून विषयाची मांडणी केली.

"हे पाहा शास्त्रीबुवा. हा नुसता विटाळ धरायचा, की गर्भस्राव धरायचा, हे पहिले ठरवा."

"विटाळ धरला तर तीन रात्री. त्यात वाद नाही."

"आणि गर्भस्राव धरला तर?"

"तर महिने मोजावे लागतील. तीन महिन्यांपर्यंत तीन रात्री, चौथ्या महिन्यात चार."

"मग मोजा की! अडले कुठे?"

"अडले अधिक महिन्यात," मी म्हणालो.

त्या वर्षी अधिक श्रावण आला होता. ज्येष्ठ, आषाढ, अधिक श्रावण असे धरले तर निज श्रावणात सुनेला चौथा महिना लागत होता. अधिक मास सोडून दिला तर तिसराच राहत होता. एका रात्रीचा प्रश्न होता, आणि आम्ही दोघेही प्रश्न अर्धवट टाकणाऱ्यांतले नव्हतो.

स्नेही म्हणाले, "अधिक मास म्हणजे मलमास. त्यात मुंज होत नाही, लग्न होत नाही, वास्तुशांत होत नाही. गर्भाची वृद्धी तेवढी कशी होईल?"

"वा! गर्भ काय पंचांग पाहून वाढतो?" मी ताडकन म्हणालो.

त्यांनी तपकिरीची चिमूट घेतली. युक्तिवाद बिनतोड होता. तो माझ्याच मुखातून निघाला होता, आणि तरीही त्याचा अर्थ मला चार वाजेपर्यंत समजला नाही. मी चार रात्रींचा निर्णय दिला, त्यांनी मान तुकवली, आणि आमच्या मंडळींनी कढत दुधाचे दोन पेले आणून ठेवले. दरम्यान परसाकडून दोनदा कण्हण्याचा आवाज आला होता. पहिल्या वेळी स्नेही थांबले आणि दुसऱ्या वेळी मी, कारण बोलण्याची पाळी तशी होती.

चार वाजता दूधवाली आली. नदीपलीकडच्या खेड्यातून म्हशीचे दूध घेऊन ती वर्षानुवर्षे आमच्याकडे परसदाराने येत असे. त्या दिवशी तिची चरवी दाणकन आपटल्याचा आवाज आला, आणि क्षणात ती माजघर ओलांडून थेट ओसरीवर येऊन उभी राहिली. तिच्या हातांना रक्त होते.

"आवो बुवा! सून खोलीत चक्कर येऊन पडलीया तुमची! व्हट पांढरे फटक झाल्यात. आन् तुमी दोगं हितं दूध पीत बसलाय व्हय?"

"बाई, तुम्ही जरा थांबा," स्नेही म्हणाले. "त्याचाच निर्णय चालला आहे."

"कसला निर्नय? काय न्याय-निवाडा करताय, तिनं चोरी केलीया?"

"किती रात्री पाळायच्या, त्याचा," मी म्हणालो. हे उत्तर मी खरोखरच दिले.

तिने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेची धग वर्णिण्याइतके शब्दसामर्थ्य मजपाशी नाही. "रात्री? आजची रात काढंल का ती, ते बघा आदी! जेवनापासनं म्हनं पाच फडकी भिजल्यात. मी मोजली. गाठी पडाय लागल्यात. आवो, आमची म्हस गाभडाय लागली तर आमी गुरांच्या डाक्टराला बोलवाय पळतो. पोथीला इचारत न्हाय बसत!"

स्नेही हलक्या आवाजात मला म्हणाले, "न्यायचे असेल तर न्या. पण आज मंगळवार. साडेचारपर्यंत राहुकाळ आहे. अर्ध्या तासाने काय मोठे होते?"

"राहूला म्हनावं, तू बस हितं दूध पीत," दूधवाली म्हणाली, "आमी पुढं होतो." आणि आत ओरडली, "काकू! या हिकडं! पाय धरा तिचं!"

आमच्या मंडळी सोवळे नेसून माजघराच्या दारात उभ्या होत्या. मंगळागौरीचे रेशमी सोवळे; सुनेची राहिली तरी देवीची पूजा आपण करावी म्हणून त्या नेसल्या होत्या. त्यांनी एकवार माझ्याकडे पाहिले. मला वाटले, त्या माझी अनुज्ञा मागत आहेत, आणि मी ग्रंथाचे पान उलटले. पान उलटेपर्यंत त्या खोलीत गेल्याही होत्या.

दोघींनी सुनेला घोंगडीत गुंडाळून उचलले. तिचे डोके दूधवालीच्या खांद्यावर, पाय आमच्या मंडळींच्या हातांत. त्या ओसरीतून बाहेर पडत असताना मी काय केले, ते तिने लाजू नका म्हटले म्हणून लिहितो. मी उपरणे आवरून घेतले आणि भिंतीला चिकटून उभा राहिलो. स्पर्श होऊ नये म्हणून. माझ्याच मुलाच्या पत्नीचा हात घोंगडीबाहेर लोंबत होता, आणि मी त्या हाताला चुकवले.

टांगा कोपऱ्यावरच मिळाला. टांगेवाल्या चाचांनी गादीवर आपली शाल पसरली आणि कोठे जायचे एवढेच विचारले. त्या दोघी सुनेला धरून मागे बसल्या, मी चाचांच्या शेजारी पुढे बसलो. सन्मानाच्या दोन-तीन शाली घरी घडी घालून ठेवलेला मी, आणि एकच शाल असलेले ते, असे आम्ही शेजारी होतो.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, चष्मा लावणाऱ्या, आणि बोलता बोलता हात थांबू न देणाऱ्या. सुनेला आत घेतले आणि दारातूनच मला प्रश्न आले.

"रक्त कधीपासून?"

"काल प्रातःकाळापासून."

"कालपासून? आणि आज आणताय? किती जाते आहे? किती कपडे भिजले?"

मी आमच्या मंडळींकडे पाहिले.

"ताप होता? चक्कर? कळ पोटात मध्ये येते, की एकाच बाजूला?"

मी उपरणे नीट केले.

"महिना कितवा?"

येथे मात्र माझी वाचा परत आली. "अधिक मास धरता चौथा. तथापि तो वर्ज्य केल्यास..."

"आजोबा," त्या म्हणाल्या, "शेवटची पाळी कधी आली होती, ते कोणाला ठाऊक आहे?"

ते आमच्या मंडळींना ठाऊक होते. भिजलेले कपडे दूधवालीने सांगितले. कळ कोठे आहे ते सुनेने पुटपुटत सांगितले. चाळीस वर्षे अध्ययन करून त्या खोलीत मी एकटाच असा होतो, की ज्याच्याजवळ उपयोगाचे एकही उत्तर नव्हते.

मग डॉक्टरीणबाईंनी आमच्या मंडळींना सहज विचारले, "तुमची बाळंतपणे सगळी नीट झाली होती?"

"झाली ती नीट झाली," त्या म्हणाल्या. "दोन मात्र अशीच गेली. थोरल्याच्या आधी एक, आणि मधे एक."

मी बाकावर बसलो होतो. तेथून मला ते स्पष्ट ऐकू आले. आमच्या विवाहाला तेव्हा पंचेचाळीस वर्षे झाली होती. त्या दोन्ही वेळी मी तीन तीन रात्री स्पर्शास्पर्श काटेकोर पाळला असणार, याविषयी मला शंका नाही. मुलगी की मुलगा जात होता, की बाई जात होती, याची मात्र मला वार्ताही नव्हती.

तासाभराने बाई बाहेर आल्या. "गर्भ आधीच गेला होता. थोडा भाग पिशवीत राहिल्यामुळे रक्त थांबत नव्हते. पिशवी साफ केली आहे, सलाईन चालू आहे. आता धोका टळला म्हणायला हरकत नाही. आणखी तास-दोन तास थांबला असता तर मला काही करता आले असते की नाही, सांगता येत नाही."

"काल आणली असती तर गर्भ राहिला असता का?" मी विचारले.

"बहुतेक नाही. सुरुवातीच्या महिन्यांत जाणारे गर्भ बहुधा मुळातच नीट धरलेले नसतात. ते कोणाच्या हातात नसते. पण मुलीची ही दशा झाली नसती. तेवढे तुमच्या हातात होते."

आमच्या मंडळी पुढे सरकल्या. "पपईची फोड खाल्ली होती हो तिने. आणि आषाढात एस.टी.ने गडहिंग्लजला जाऊन आली. त्या धक्क्यांनीच..."

"आजी, एस.टी.च्या धक्क्यांनी गर्भ पडत असते तर या जिल्ह्यात कोणी जन्मालाच आले नसते. तिला असले काही बोलू नका. तिने काही केले नाही. आणि नीट ऐका. दिवस गेलेल्या बाईला रक्ताचा डाग दिसला, मग तो थोडा असो, दुखत असो वा नसो, तर त्याच दिवशी दाखवायचे. सगळ्याच वेळी गर्भ जातो असे नाही. पुष्कळदा डाग थांबतो आणि मूल राहते. पण ते तपासल्याशिवाय कळत नाही. आणि तासात कपडा भिजायला लागला, गाठी पडल्या, चक्कर आली, ताप आला, पोटाच्या एका बाजूला किंवा खांद्यात जोराची कळ आली, तर वार, वेळ, जेवणखाण काही बघायचे नाही. निघायचे."

हे सारे मी खिशातल्या पेन्सिलीने मंगळागौरीच्या सामानाच्या यादीमागे लिहून घेतले. लिहिण्याचा सराव होता, ऐकण्याचा नव्हता.

सून शुद्धीवर आली तेव्हा आम्ही दोघे आणि दूधवाली आत गेलो. तिने आधी सासूकडे पाहिले आणि म्हणाली, "आत्याबाई, मंगळागौर माझ्यामुळे राहिली ना?"

"गप्प पड," आमच्या मंडळी म्हणाल्या. त्यांच्या सोवळ्यावर ठिकठिकाणी रक्त सुकले होते. त्यांनी तिचे केस मागे सारले आणि हात तेथेच ठेवला. मग दूधवालीने सांगितले म्हणून त्याच हाताने तिला चमच्याने पाणी पाजले. कोणीही स्नानाला गेले नाही.

पाचव्या दिवशी पंचांगी स्नेही समाचाराला आले. तारेने बोलावलेला मुलगा घरी होता, सून माजघरात, जेथे उजेड येतो तेथे, निजलेली होती.

"कशी आहे आता? बरी? उत्तम. चार रात्री मात्र पाळल्यात ना?"

"पाळायला घरात होते कोण? सगळी दवाखान्यात."

"मग आपल्या निर्णयाचे काय?" ते खरोखरच दुखावले होते. एवढा शास्त्रार्थ त्यांनी उगाच हरला होता.

"निर्णय निर्दोष आहे," मी म्हणालो. "फक्त तो दवाखान्यातून आल्यावर द्यायचा असतो."

त्यानंतरही लोक निर्णय विचारावयास येतच राहिले. शास्त्रावरची माझी श्रद्धा त्या दिवशी उणावली नाही, आजही नाही. क्रम तेवढा मी बदलला. एकदा कर्नाटकाच्या सीमेकडचा एक गृहस्थ दोन एस.टी. बदलून आला. त्याच्या घरी असाच प्रसंग होता.

"बाई आत्ता कोठे आहेत?" मी विचारले.

"घरात हाय की. पडून हाय. अजून थांबलं न्हाय म्हनं."

"डॉक्टरला दाखवले?"

"तुमी दिस सांगा बुवा, मग बघतो त्ये."

"दिवस नंतर सांगतो. आधी परत जा, आणि तिला दवाखान्यात घाला." मी त्याला बाईंचे शब्द यादीमागून वाचून दाखवले.

तो उठताना पुटपुटला, "एवढ्या लांबनं पोथीसाठी आलतो, आन् ह्ये डाक्टरचा कागद वाचत्यात!" पुढे त्या बाजूला माझी ख्याती अशी झाली, की शास्त्रीबुवांना आताशा वय झाले. त्या गृहस्थाने पत्नीला नेले की नाही, हे मला कळले नाही. ते अजूनही कधी कधी मनात येते.

दीड वर्षाने सुनेला पुन्हा दिवस राहिले. एके दिवशी सकाळी ओसरीवर आम्ही चौघे वृद्ध एका श्राद्धतिथीचा विचार करीत बसलो होतो. सून माजघरातून बाहेर आली, पदर सावरून नीट उभी राहिली, आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "मामंजी, मला रक्ताचा डाग दिसला आहे. आत्ता दवाखान्यात जायचे आहे."

पूर्ण वाक्य. आमच्या घरात या विषयावर उच्चारले गेलेले पहिले. एका गृहस्थांनी तुळई न्याहाळण्यास आरंभ केला, दुसऱ्यांना खोकला आला, आणि पंचांगी स्नेह्यांनी तपकिरीची डबी घट्ट मिटली. आमच्या मंडळी तोपर्यंत पायात वहाणा घालून अंगणात उभ्या होत्या. मी उठलो. पायऱ्या उतरताना तिचा तोल किंचित गेला, म्हणून मी हात पुढे केला, आणि तिने तो धरला.

त्या वेळी डाग थांबला आणि मूल राहिले. राहिले नसते तरीही मी हाच प्रसंग पुस्तिकेत दिला असता.

हे वाचणाऱ्या सज्जनहो, आपल्या घरी ज्या कोणी गर्भवती असतील त्यांची कूस जगदंबा सुखरूप राखो. ज्यांचे उदर रिते झाले असेल त्यांच्या वाट्याला दोषाचा एकही शब्द न येवो. आपल्या घरातील सुनांना निःसंकोच बोलता येवो, सासवांना ते वेळेवर ऐकू येवो, आणि माझ्यासारखे जे विद्वान ओसरीवर बसले असतील त्यांना त्या क्षणी उठण्याची बुद्धी होवो. आपणा सर्वांचे कल्याण असो.